पाहुण्यांपुरती झोप

कळसाडीच्या भिला आबा पाटलांच्या घरी सकाळी सातला चहा होतो, साडेसातला पूजा आटोपते आणि आठच्या सुमारास ओट्यावर माणसं बसायला लागतात. कुणाला ऊसतोडीची टोळी हवी असते, कुणाला सोसायटीचा दाखला, तर कुणाला नुसतं आबांच्या शेजारी बसलेलं दिसायचं असतं. आबा सोसायटीचे चेअरमन. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी टोपी, आवाजात जरब. गावातली भांडणं त्यांच्याकडे येतात आणि ते ती मिटवतात, निदान मिटल्यासारखी तरी करतात. बैठकीत त्यांचा एक मोठा फोटो लावलेला आहे. दिव्यांग दिनाला शहाद्यात ते एका मुलाला तीनचाकी सायकल देत आहेत. त्या कार्यक्रमात दिव्यांग म्हणजे देवाचंच रूप, असं त्यांनी पाऊण तास सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

तो फोटो ज्या भिंतीवर आहे, तिच्या पलीकडे एक खोली आहे. खोलीला खिडकी आहे, पण ती गोठ्याकडे उघडते. त्या खोलीत आबांची थोरली मुलगी रुपा राहते. वय सव्वीस, समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. देवाच्या रूपाला गोठ्याकडची खोली का दिली, हे आबांना आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी आबा अडले नसते. अशा माणसांकडे उत्तरांचा तुटवडा कधीच नसतो.

रुपाला एक काम फार छान येतं. हिवाळ्यात लाल मिरची वाळली की ती सुपात मिरच्या घेऊन बसते आणि एकेक देठ खुडते. दिवसभर मिरचीत हात असतात, पण तो हात डोळ्याला लावायचा नाही, हे तिला पक्कं कळतं. तिला माणसंही आवडतात. नवा माणूस दिसला की जवळ जाऊन त्याच्या शर्टाची बटणं मोजायला लागते, चारापर्यंत. नेमकं हेच आबांना नको होतं.

त्या घरात एक रीत पडली होती. पाहुणे यायचे म्हटलं की पलंगावरची चादर बदलायची, काचेचे ग्लास खाली काढायचे आणि रुपाला निजवायचं. तिची आई बेबीबाई अर्धा ग्लास दुधात झोपेची गोळी चुरायच्या, वर साखर घालायच्या. रुपा ते दूध मिटक्या मारत प्यायची. अर्ध्या तासात तिची मान पडायची आणि घर पाहुण्यांसाठी तयार व्हायचं.

गोळ्या मूळच्या खऱ्याखुऱ्या डॉक्टरच्या होत्या. आठ वर्षांपूर्वी चुलतभावाच्या वरातीत डीजेला घाबरून रुपाची झोप उडाली, तेव्हा एका डॉक्टरने दहा दिवसांपुरत्या लिहून दिल्या होत्या. दहा दिवसांच्या त्या चिठ्ठीवर आठ वर्षं निघाली. गावातल्या मेडिकलचा चुडामण नवी चिठ्ठी मागत नव्हता. चेअरमनकडे चिठ्ठी मागायची त्याची छाती नव्हती.

ही रीत एकट्या पाटलांची आहे असं समजून वाचकांनी हायसं वाटून घेऊ नये. तापीच्या दोन्ही काठांवर, सिमेंटच्या नव्या घरांतून, नोकरदारांच्या कॉलन्यांतून असं दूध आजही ढवळलं जातं. कुठे गोळी असते, कुठे खोकल्याचं औषध, कुठे आणखी काही. त्याला कुणी अत्याचार म्हणत नाही. घरातल्या घरात केलेली सोय म्हणतात.

दिवाळीनंतर धाकट्या रुचिकाचं लग्न जमलं. मुलगा धानोऱ्याचा, भाग्येश. सुरतेत साड्यांच्या कारखान्यात संगणकावर नक्ष्या काढतो, दिसायला नीटनेटका, बोलायला त्याहून गोड. आबांनी बोलणी करताना मुली किती, या प्रश्नाला एकच, असं ठणकावून सांगितलं. बेबीबाई तेव्हा दाराआड उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेल्या. रुचिकानेही ऐकलं आणि ती खाली मान घालून बसली. तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, शिकवण्या घेणारी मुलगी, पण त्या दिवशी तिनेही मूग गिळले. तिला भाग्येश आवडला होता.

डिसेंबरात रुपा उजव्या गालावर थापडा मारून घ्यायला लागली. "मुंगी," ती म्हणायची, "मुंगी चावस." बेबीबाईंनी केस पाहिले, गोधडी उन्हात टाकली, खाटेचे पाय रॉकेलने पुसले. मुंगी काही सापडली नाही. मग रुपाने भाकरी सोडली. दूधभात तेवढा डाव्या बाजूने गिळायची. पुढे ती भिंतीवर डोकं आपटायला लागली. आबांनी निदान केलं की पोरीचं वेड वाढलं. एका गोळीच्या दोन झाल्या, आणि पाहुणे असोत नसोत, रोजच्या झाल्या.

तिच्या तोंडात डोकावून पाहावं असं कुणालाच वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलं असेल, पण हिंमत नव्हती. त्याला कारण आबांचाच एक पराक्रम. पाच वर्षांपूर्वी रुपाची दाढ दुखत होती, तेव्हा त्यांनी शेतावरचे चार सालदार बरोबर घेतले आणि तिला एका दात काढणाऱ्याकडे नेलं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, आबांनी स्वतः डोकं दाबलं, आणि सुई नीट लागायच्या आधीच दाढ उपटली. हा किस्सा ते आजही ओट्यावर हसत सांगतात. त्या दिवसापासून कुणाचा हात तोंडाजवळ आला की रुपा चावते. घासणं सुटलं, चूळ सुटली, आणि पाच वर्षं त्या तोंडात काय चाललं होतं ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

शेवटी रुचिकानेच पुढाकार घेतला. बांगड्या घ्यायला जातो असं सांगून ती आई आणि रुपाला शहाद्याला डॉ. कामिनी पटेल यांच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. रुपा खुर्ची पाहून दारातच खाली बसली. डॉक्टरबाईंनी तिला उठवलं नाही. त्या स्वतःच तिच्यासमोर फरशीवर बसल्या, हातात छोटा आरसा दिला आणि आपल्या कोटाची बटणं तिला मोजू दिली. बाहेर तीन पेशंट ताटकळत होते. चाळीस मिनिटांनी रुपा आरशात पाहून हसली आणि बाईंना तिच्या तोंडात अर्धं मिनिट पाहायला मिळालं. तेवढं पुरलं.

उजव्या बाजूच्या तीन दाढा कुजल्या होत्या, खाली पू साठला होता, हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या. बाई बेबीबाईंना म्हणाल्या, तुम्ही जी मुंगी गोधडीत शोधत होता ती हिच्या जबड्यात आहे, आणि ती बरेच महिने चावते आहे. हिला वेड वाढलेलं नाही, हिला दुखतंय. बेबीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी हळूच विचारलं, की घरून चार माणसं आणली तर आजच काढता येतील का.

डॉ. कामिनी चिडल्या. "तुमच्या म्हशीला टाके घालायचे असले तरी गुरांचे डॉक्टर आधी ती जागा बधिर करतात. मी हिला धरून एकही दात काढणार नाही."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. रुपासारख्यांना खुर्चीवर बसून तोंड उघडं ठेवायला सांगून उपयोग नसतो, ते घाबरतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. अशा वेळी भूलतज्ज्ञ औषध देऊन त्यांना झोपवतात आणि त्या झोपेत सगळे दात एकदाच नीट करता येतात. त्यासाठी नंदुरबारच्या रुग्णालयात जायचं, रक्त तपासायचं, आणि दोन गोष्टी कटाक्षाने पाळायच्या. आदल्या रात्रीनंतर दूध, चहा, अन्न काही पोटात जायला नको, आणि ती कुठलीही गोळी घेत असेल तर आधी सांगायची. गोळीचं नाव निघताच मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. सांगितलं मात्र कुणीच नाही.

आबांना हे कळलं तेव्हा त्यांना आधी बांगड्यांच्या खोटेपणाचा राग आला. खोटेपणा त्यांना मुळीच खपत नाही. मग त्यांनी भुलीवर व्याख्यान दिलं. भूल म्हणजे खेळ नव्हे, पोर टेबलावरच गेली तर जबाबदार कोण, आपल्या पोटच्या लेकराच्या जिवाशी खेळायला आपण काही कसाई नाही. हे बोलणाऱ्या माणसाच्या घरात त्याच क्षणी रुपा दोन गोळ्यांच्या झोपेत घोरत होती. ती किती वजनाची, गोळी किती ताकदीची, श्वास नीट चालला आहे का, हे आठ वर्षांत एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं. जाणकाराने मोजून, पाहून, जबाबदारीने दिलेल्या औषधाची त्यांना भीती वाटत होती. चुडामणच्या दुकानातून आलेल्या पाकिटाची वाटत नव्हती.

मग एक दिवस भाग्येशची आई सरलाबाई साखरपुड्याचं बोलायला आल्या. साखरपुडा पुढच्या शुक्रवारी ठरलेला. रुपाला दूध पाजलं होतं, पण ठणका इतका होता की गोळ्यांचंही काही चालेना. भिंतीपलीकडून लांबलचक विव्हळणं आलं. सरलाबाईंनी कप खाली ठेवून विचारलं, काय आवाज आहे तो. आबा ढिम्म होते.

"गोठामा वासरू आजारी शे," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी आबांनी भुलीला परवानगी दिली. लेकीच्या दुखण्याने त्यांना पाझर फुटला असं कुणी समजू नये. शुक्रवारी मांडवात वासरू ओरडलं तर काय, या चिंतेने त्यांना ग्रासलं होतं. मंगळवारची तारीख मिळाली. रुग्णालयातून फोन आला, औषधं काय चालू आहेत असं विचारलं, तेव्हा आबांनीच फोन घेतला आणि काहीच नाही म्हणून ठेवून दिला.

सोमवारी रात्रीपासून रुपा उपाशी होती. मंगळवारी नऊला गाडीने निघायचं होतं. सातला सरलाबाईंचा फोन आला, की त्या शहाद्याला टेलरकडे चालल्या आहेत, तर आठला वाटेत थांबून ब्लाउजचं माप घेऊन जातील. आबांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन बायकोला म्हणाले, "तिले निजाडी दे."

रुचिका मध्ये पडली. दवाखान्यात दूध द्यायचं नाही असं सांगितलंय, गोळीही द्यायची नाही, आज तिला भूल देणार आहेत, असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. अर्धा ग्लास दुधाने काय होतं, म्हणाले, आणि नाहीतरी तिथे जाऊन निजायचंच आहे. बेबीबाई हातात पातेलं घेऊन उभ्या होत्या. तीस वर्षांत नवऱ्याला नाही म्हणायची सवयच लागली नव्हती त्यांना. त्यांनी दोन गोळ्या चुरल्या. उपाशी रुपाने ग्लास दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला.

सव्वाआठला सरलाबाईंचा पुन्हा फोन आला. टेलरचं दुकान आज बंद आहे, त्यामुळे येत नाही. जे पाहुणे आलेच नाहीत त्यांच्यासाठी रुपा खाटेवर बेशुद्धासारखी पडली होती. आबांनी मात्र त्यातलं चांगलं तेवढं घेतलं. चला, म्हणाले, गाडीत तरी गोंधळ घालणार नाही.

प्रकाशाच्या पुलावरून जाताना रुपा एरवी काचेला नाक लावून तापीचं पाणी पाहते. त्या दिवशी पूल आला आणि गेला. तिचं डोकं रुचिकाच्या मांडीवर लोंबत होतं आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. रुचिका सारखी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहत होती. पुढच्या सीटवर आबा साखरपुड्याच्या आचाऱ्याशी फोनवर जिलेबीचं ठरवत होते.

रुग्णालयात भूलतज्ज्ञ डॉ. रायसिंग वळवी आले. धडगावकडचे आदिवासी, चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांच्या आडनावावरून आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं. या लोकांचे बाप आमच्याकडे सालाने होते, असं ते दारावरची नावाची पाटी वाचून बायकोला म्हणालेच होते. डॉक्टरांनी फाइल उघडली आणि विचारलं, शेवटचं काय खाल्लं, केव्हा. आबा पुस्तकी मराठीत म्हणाले, काल रात्री आठ वाजता भात, त्यानंतर कडकडीत उपास. गोळी-औषध? काही नाही.

डॉक्टरांनी रुपाच्या डोळ्याची पापणी वर करून पाहिली. तिला हाक मारली, खांदा हलवला. ती नुसती कण्हली. त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला आणि आबांनी तेच उत्तर दुसऱ्यांदा दिलं, या खेपेला जरा चढ्या आवाजात.

रुचिका खाटेपाशी उभी होती. तिला सगळं दिसत होतं. बोलले तर ते कागदावर येणार, कागदावर आलं की दवाखान्यातल्या चार जणांना कळणार, आणि धानोरा काही लांब नाही. न बोलले तर हे लोक ताईला आत नेणार. दोन महिने रोज संध्याकाळी भाग्येशशी बोलताना तिने मनात घर मांडलं होतं, पडदे कुठल्या रंगाचे इथपर्यंत.

"डॉक्टर," ती म्हणाली, "साडेसातला ती दूध प्यायली आहे. त्यात झोपेच्या दोन गोळ्या होत्या. दोन महिने रोज देतोय आम्ही."

आबांनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती जागची हलली नाही.

डॉ. वळवींनी फाइल मिटली. आज काही करता येणार नाही, ते म्हणाले. गोळ्यांवर आणखी औषध गेलं असतं तर हिचा श्वास मंदावला असता, आणि झोपेत उलटी झाली असती तर ते दूध थेट फुप्फुसात उतरलं असतं. मग आम्ही हिला वाचवू शकलो असतो की नाही, ते मला सांगता येत नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. अकराच्या सुमाराला, कुशीवर वळवून ठेवलेल्या रुपाला खरोखरच उलटी झाली. दूध होतं ते, साखरेच्या वासाचं. नर्सने तिचं तोंड पुसलं.

आबांना त्या उलटीपेक्षा फाइलमधली ओळ जास्त झोंबत होती. घरी झोपेच्या गोळ्या दिल्या, वडिलांनी माहिती दडवली, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. ती ओळ खोडा, असं आबा आधी गोडीने म्हणाले, मग आमदारांचं नाव घेतलं, मग डॉक्टरांच्या वडिलांवर गेले. डॉ. वळवींनी ऐकून घेतलं. ओळ खोडली तर पुढच्या वेळी मी हिला झोपवू शकणार नाही, म्हणाले, आणि ओळ ठेवली. त्यांनी रुपाला जंतूंवरचं आणि दुखण्यावरचं औषध सुरू केलं, गोळ्या एकदम बंद न करता कशा कमी करायच्या ते समजावलं, आणि शुक्रवारची सकाळ दिली. त्याआधी जागा नव्हती.

शुक्रवारी साखरपुडा होता. आबांनी तारीख ऐकली आणि हसले. दात काय पळून चाललेत का, म्हणाले, लग्नानंतर बघू. लग्न मे महिन्यात होतं.

रुचिकाने व्हरांड्यात जाऊन भाग्येशला फोन लावला. मला एक थोरली बहीण आहे, ती अशी आहे, तिला असं झालंय, शुक्रवारी तिच्याजवळ मला थांबायचं आहे, साखरपुडा आठवडाभर पुढे नेऊ, एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं. मग तो गोड आवाजाचा तरुण म्हणाला, आईला देतो. तो नेमका धानोऱ्याला आला होता आणि आई जवळच होती. सव्वीस वर्षांचा झाला तरी त्याच्या आयुष्यात अवघड काही आलं की आई जवळच असायची.

सरलाबाईंच्या आवाजात राग नव्हता. समजूतदारपणा होता आणि तोच जास्त भयंकर होता. "बेटा, आम्हले पहिलेथून ठाऊक शे," त्या म्हणाल्या. "वासरूना आवाज आम्ही वळखतस. आम्ही काही बोलनूत का? दिन बदलू नका. त्या दिनले तेवढं तिले निजाडी ठेवा, फोटोमा नको येवाले. बस, आमनं काही म्हननं नही."

म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आबा ज्यांच्यापासून लपवत होते त्यांना ते आधीपासून माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं नाटक करण्यालाच ते मोठेपणा समजत होते. ज्या गुपितासाठी एक जिवंत मुलगी आठ वर्षं निजवली गेली, ते गुपित कधी नव्हतंच. दोन प्रतिष्ठित घराण्यांनी मिळून एका पोरीच्या दुधात गोळी कालवायचं ठरवलं होतं आणि दोन्हीकडचे लोक स्वतःला भले समजत होते. त्यांच्या भलेपणाची मला शिसारी येते.

रुचिकाला मात्र रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. "मंग साखरपुडा नकोच," ती म्हणाली. "मन्ही बहीन शे ती. तिले निजाडीसन मी नवरी व्हनार नही." आणि तिने फोन बंद केला.

पुढचे तीन दिवस त्या घरात काय झालं ते सविस्तर सांगण्याची गरज नाही. आबांनी थाळी भिरकावली, बोलणं टाकलं, विहिरीची धमकी दिली. आणि पाहुण्यांना फोन करून सांगितलं की रुचिकाला कावीळ झाली आहे. एक खोटं संपताच त्यांनी दुसरं हाताशी ठेवलं होतं. शुक्रवारी पहाटे ते गाडीची किल्ली खिशात घालून शेतावर निघून गेले.

मायलेकींनी रुपाला चालवत फाट्यावर नेलं आणि शहाद्याहून येणारी एसटी पकडली. रुपा जागी होती. गाडीत तिने एका म्हाताऱ्याची बटणं मोजली, त्याने निमूटपणे मोजू दिली. समोरच्या सीटवरच्या बाईने विचारलं, पोरीला काय झालंय. रुचिका उत्तर द्यायला लागली, तोवर बेबीबाईच म्हणाल्या की माझी थोरली आहे, दातांच्या दवाखान्यात नेतेय. चारचौघांत त्यांनी हे पहिल्यांदाच म्हटलं होतं.

रुग्णालयात डॉ. वळवींनी फाइल उघडून तेच प्रश्न विचारले. रुचिका सांगू लागली तेव्हा बेबीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "मी सांगस," त्या म्हणाल्या. "देनारी मी शे."

आणि त्यांनी सांगितलं. पाहुणा आला की गोळी द्यायचे. दिवाळीला दिली, आखाजीला दिली, सत्यनारायणाला दिली. पुतण्याच्या लग्नात तीन दिवस दिली. निवडणुकीची माणसं यायची तेव्हा दिली. एकदा दोन पाहुणे पाठोपाठ आले म्हणून एका दिवसात दोनदा दिली, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही आणि आम्हाला वाटलं दमली असेल. डॉक्टरांचं लिहिणं मध्येच थांबलं. त्यांनी बेबीबाईंना पाणी दिलं आणि पुढे सांगा म्हणाले. त्यांना सगळं लिहून घ्यायचं होतं, दोष द्यायला नव्हे, औषध मोजायला. संमतीच्या कागदावर एरवी आबांची सही लागली असती. त्या दिवशी बेबीबाईंनी केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

आत जाताना रुपा घाबरली आणि रुचिकाला घट्ट धरून बसली. कुणी ओढाओढ केली नाही. ती झोपेपर्यंत रुचिकाला आत राहू दिलं. नंतर दोन तास मायलेकी बाकावर बसून होत्या. डॉ. कामिनी शहाद्याहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी तीन दाढा काढल्या, चार दात भरले, पाच वर्षांचा मळ काढला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या की इतका पू घेऊन ही पोरगी नुसती गालावर थापडा मारत होती, आपण असतो तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

थोड्या वेळाने नर्सला रुपाजवळ बसवून डॉ. वळवी दारात आले. ती अजून झोपेत आहे, श्वास छान चालला आहे, तासाभरात उठेल, म्हणाले. बेबीबाई उठून उभ्या राहिल्या. दोन तास त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत असावी. ती झोपलेली असताना तिच्याजवळ कोण होतं, असं त्यांनी विचारलं.

"मी होतो," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण वेळ तिच्या उशाशी. झोपवलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, बाई. माझं कामच ते."

"आम्ही तं भाईरथून कडी लायी देत व्हतूत," बेबीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दार उघडून धरलं, आणि बेबीबाई आत जाऊन रुपाच्या उशाशी बसल्या.